साडेसहाशे किलोमीटरवरची जत्रा

लोखंडी गजांच्या पलीकडे उभा असलेला तो बैल बघितला आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, अगं बाई हा तर आपल्याकडचा! पाठीवर चांगलं डौलदार वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, खाली पडलेले लांब कान, अंगाचा रंग करडा आणि खांद्यापाशी काळपट होत गेलेला. लेक म्हणाली आई हळू बोल, पण मला काही सुचेना. ठाण्याहून निघून दोन विमानं बदलून टाऊन्सव्हिलला यायचं, तिथून साडेसहाशे किलोमीटर आत जायचं, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका एवढ्याशा गावात रोडिओच्या, म्हणजे उधळणाऱ्या बैलाच्या पाठीवर टिकून बसायच्या खेळाच्या, मैदानामागे उभं राहिल्यावर समोर दिसावा कोण, तर वशिंडवाला बैल!

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली ही गोष्ट. लिहायची राहून गेली होती, पण परवा माहेरी मुरबाडला जाऊन आले आणि मामाकडे बसून पुन्हा सगळे व्हिडिओ पाहिले, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

तर लेक आणि जावई टाऊन्सव्हिलला असतात. आम्ही दोघं रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच तिकडे गेलो होतो. मला वाटलं होतं सिडनी वगैरे दाखवतील, पण जावई म्हणाले आई, सिडनी तुम्हाला कुठल्याही टूरवाल्याबरोबर बघता येईल, आपण मोटरहोम घेऊ आणि आत जाऊ, ज्युलिया क्रीकला डर्ट अँड डस्ट फेस्टिव्हल आहे, रोडिओ आहे, घोड्यांच्या रेस आहेत. आमच्या ह्यांना गाडी, इंजिन, टाकी असलं काहीही दिसलं की उत्साह येतो त्यामुळे ते लगेच तयार. मी मात्र थोडी बिचकत होते, कारण रोडिओ म्हटल्यावर माझ्या डोक्यात टीव्हीवरची टोपीवाली माणसं आणि आपटाआपटी एवढंच होतं.

मोटरहोम म्हणजे काय ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणी मला विचारतात. मागे घर असलेली गाडी. दोन शेगड्या, छोटा फ्रिज, बेसिन, झोपायला वर एक आणि मागे एक जागा, आणि कपाटाएवढी बाथरूम. ऑस्ट्रेलियात साडेचार टनांपर्यंतची गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते त्यामुळे जावयांना वेगळं काही करावं लागलं नाही, आणि आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवायचं असतं. बाकी सगळं मोजून. पिण्याचं पाणी एका टाकीत, भांड्याचं आणि आंघोळीचं वापरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत, त्याला ते ग्रे वॉटर म्हणतात, आणि टॉयलेटची एक पेटी असते ती बाहेरून काढून गावातल्या डम्प पॉईंटवर नेऊन रिकामी करायची, धुवायची, परत बसवायची. हे काम ह्यांनी स्वतःहून घेतलं आणि चार दिवस कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही. मी पाणी वाचवायला शिकले, एका पातेल्यात भात आणि वर डबा ठेवून डाळ, मग त्याच पातेल्यात पाणी गरम करून भांडी. ठाण्यात पाणीकपातीच्या दिवसांत काढलेली वर्षं तिथे फार उपयोगी पडली.

टाऊन्सव्हिलहून पश्चिमेला एकच हायवे जातो. चार्टर्स टॉवर्स, ह्युएन्डेन, रिचमंड आणि मग ज्युलिया क्रीक. आपल्याकडे ठाण्याहून अमरावतीला जाण्याएवढं अंतर, पण वाटेत गावं म्हणजे ही तीन आणि बाकी काही किरकोळ. चार्टर्स टॉवर्सला १८७१ मध्ये सोनं सापडलं होतं, तिथल्या जुन्या इमारती अजून तो थाट सांगतात. रिचमंडला तर समुद्री जीवांच्या सांगाड्यांचं म्युझियम आहे, कारण सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भाग समुद्राखाली होता, आणि आता तिथे क्षितिजापर्यंत नुसतं गवत. नातवाला त्या म्युझियममधून बाहेर काढायला अर्धा तास लागला.

रस्त्यावर रोड ट्रेन भेटतात. एका ट्रकमागे दुसरा, तिसरा डबा जोडलेला, त्रेपन्न मीटरपर्यंत लांबी, म्हणजे लोकलचे अडीच डबे समजा, आणि त्यात दोन मजल्यांवर गुरं भरलेली. ती बाजूने गेली की आमचं घर हलायचं, फडताळातले डबे वाजायचे. संध्याकाळ झाली की जावई गाडी थांबवायचेच, कितीही थोडं अंतर राहिलेलं असो, कारण त्या वेळेला कांगारू रस्त्यावर येतात आणि दिव्यासमोर आले की कुठे उडी मारतील सांगता येत नाही. मला हे फार आवडलं, अंधार पडला की मुक्काम. आमचे आजोबा मुरबाडहून बैलगाडीने कल्याणच्या बाजाराला जायचे तेव्हा असंच ठरलेलं असायचं म्हणे.

ज्युलिया क्रीक. लोकवस्ती पाचशेच्या आसपास. आमच्या घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समधल्या दोन टॉवरमध्ये मिळून एवढी माणसं असतील. आणि ज्या मॅकिन्ले शायरमध्ये, म्हणजे तिकडच्या स्थानिक कारभाराच्या विभागात, हे गाव येतं त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ४१,००० चौरस किलोमीटर, आपल्या आताच्या ठाणे जिल्ह्याच्या साधारण दहापट, आणि त्या सगळ्या प्रदेशात मिळून माणसं हजारसुद्धा नाहीत. पण गुरं विचाराल तर मोजता येणार नाहीत. जमीन काळी, आपल्या मराठवाड्यातल्यासारखी, उन्हाळ्यात भेगा पडणारी आणि पावसात चिकट होऊन चाकं गिळणारी. तिच्यावर मिचेल गवत. मी खाली वाकून मूठभर माती हातात घेतली तर ह्यांनी विचारलं काय करतेस, म्हटलं काही नाही, ओळखीची वाटली.

गावाने मोटरहोम आणि कॅरव्हानवाल्यांसाठी एक गोष्ट फार सुंदर केली आहे. ज्यांच्या गाडीत स्वतःची पाण्याची आणि टॉयलेटची सोय आहे त्यांना गावाजवळच फुकट मुक्काम करता येतो, चार दिवसांपर्यंत. का, तर माणूस राहिला की गावातून ब्रेड घेणार, डिझेल भरणार, पबमध्ये जेवणार. तिकडे रिटायर झालेली कितीतरी जोडपी घराला कुलूप लावून सहा सहा महिने अशी फिरत असतात, ग्रे नोमॅड म्हणतात त्यांना, आणि अशा गावांचा हिवाळ्यातला धंदा ह्यांच्या जिवावर चालतो. आमच्या शेजारच्या कॅरव्हानमधल्या आजी सकाळी चहाचा मग घेऊन आमच्याकडे आल्या, मी त्यांना भाजणीचं थालीपीठ खायला दिलं (भाजणी विमानतळावर रीतसर डिक्लेअर करून आणली होती, उघडून बघितली, वास घेतला आणि जाऊ दिली), त्यांनी मला त्यांच्या लिंबाच्या लोणच्यासारख्या कशाची तरी बाटली दिली. दुपारपर्यंत चार घरांत आमचं जाणंयेणं सुरू.

आणि गरम पाणी! त्या भागाच्या खाली ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा जमिनीखालचा पाण्याचा साठा आहे, सतरा लाख चौरस किलोमीटरचा, ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. बोअर मारली की पाणी आपोआप वर येतं आणि गरमच येतं, किंचित गंधकाचा वास. गावातल्या कॅरव्हान पार्कमध्ये ते पाणी बाथटबमध्ये सोडून बसायची सोय आहे. संध्याकाळी त्या टबमध्ये बसून मी आभाळ बघत होते आणि मला वज्रेश्वरीची कुंडं आठवली, आई आम्हाला लहानपणी न्यायची, तिथलाही असाच वास.

आता फेस्टिव्हलचं. ह्यात ट्रायथलॉन पण असतं, म्हणजे ओढ्यात पोहायचं, मग सायकलने गावात यायचं, मग पळायचं, आणि लोक लांबून लांबून येतात त्यासाठी. ते आम्ही टाळ्या वाजवण्यापुरतं पाहिलं. माझं मन मात्र पहिल्या रात्रीपासून त्या बैलांमध्ये अडकलं.

जावयांना विचारलं हे वशिंडवाले इथे कसे, तर त्यांनाही नीट माहीत नव्हतं, शेजारच्या आजोबांनी सांगितलं आणि मग मी घरी येऊन बरंच वाचलं. ही ब्राह्मन जात. अमेरिकेत आपल्याकडची गुरं नेली होती, गुजरातची कांकरेज, आंध्रची ओंगोल, सौराष्ट्रातली गीर, आणि थोडीफार आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली, त्यांच्यापासून तिकडे ही जात तयार झाली आणि १९३३ मध्ये अमेरिकेतून क्वीन्सलँडला आणली. कारण साधं होतं, युरोपातून आणलेल्या गुरांना तिथलं ऊन सोसवेना आणि गोचीड त्यांचा जीव घ्यायची, आपल्या रक्ताच्या जनावराची कातडी सैल, केस आखूड, घाम नीट येतो, गोचीडही त्याला कमी त्रास देते. आज उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक कळपांत ब्राह्मनचं रक्त आहे. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कृष्णेच्या काठावरच्या कुणा शेतकऱ्याच्या दावणीचं जनावर कुठून कुठे गेलं बघा.

बैल म्हणते आहे मी सवयीने, पण हे खच्ची केलेले नसतात, वळूच ते. रात्रीच्या दिव्यांत मैदान उजळलेलं, एका बाजूला अरुंद लोखंडी खुराडी, त्यांना शूट म्हणतात, त्यात बैल उभा आणि वरून स्वार हळूच त्याच्या पाठीवर उतरतो. डोक्याला हेल्मेट, छातीला जाड जाकीट. एका हाताने बैलाच्या अंगाभोवतीचा दोर धरायचा, दुसरा हात हवेत, आणि तो हात बैलाला किंवा स्वतःला कुठेही लागला तर बाद. मान हलवून खूण केली की दार उघडतं आणि मग आठ सेकंद. बस. ठाणे स्टेशनला फास्ट लोकल थांबते त्याहूनही कमी वेळ. पण त्या आठ सेकंदांत मी श्वास घेतला नव्हता एवढं नक्की. बैल नुसता पुढे उडत नाही, तो हवेत असतानाच अंग पिळतो, खाली येता येता दिशा बदलतो, आणि वरचा पोरगा, वीस-बावीसचाच असेल, कमरेतून असा लवतो की वाटावं दोघांचं आधीच काही ठरलंय. बरेचसे तर तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच खाली. आणि खाली पडला की लगेच दोघं-तिघं धावत बैलाच्या तोंडासमोर जातात, त्याला आपल्या अंगावर घेतात, म्हणजे पडलेल्याला उठून पळायला वेळ मिळावा. पूर्वी ही माणसं विदूषकाच्या कपड्यात असायची, आता त्यांना खेळाडूचाच मान आहे, आणि असायलाच हवा. माझ्या मते त्या मैदानातलं सगळ्यात मोठं धाडस तेच.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे मार्क. शंभरपैकी मार्क मिळतात आणि त्यातले पन्नास स्वाराचे आणि पन्नास बैलाचे! बैल जोरात खेळला नाही तर स्वार आठ सेकंद बसूनही मागे राहतो. चांगल्या बैलाला नाव असतं, लोक त्याच्या नावाने ओरडतात, मालकाची मान ताठ होते. आमच्याकडच्या गाडामालकाची छाती फुगते ना, तस्संच.

म्हणून मला मामा आठवला. मुरबाडचा मामा म्हणजे बैलवेडा माणूस. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत, खांबलिंगेश्वराच्या, गुरांचा मोठा बाजार भरतो, घोंगड्या मिळतात, आम्ही पोरं पाळण्यात बसायचो आणि मामा दिवसभर बैलांचे दात, खूर, शेपटीचा गोंडा बघत हिंडायचा. शर्यतीला आमच्या ठाणे-रायगडकडे बिनजोड लावतात, दोन छकडे एकदम सुटतात, पुढे जाईल तो जिंकला, पुण्याकडच्या घाटांत मात्र घड्याळावर सेकंद मोजतात. मग २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये नियम घालून परत परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मधल्या त्या सात-आठ वर्षांत कितीतरी जणांनी बैल विकले. मामाने नाही विकले. घरचे ओरडायचे की नुसता चारा घालतोयस, तो म्हणायचा म्हाताऱ्या बापाला विकतोस का तू. मी तेव्हा ठाण्यात बसून मनातल्या मनात कोर्टाच्या बाजूची होते, कारण मी शेपट्या पिरगाळताना, आर टोचताना पाहिलं होतं आणि मला ते सहन व्हायचं नाही. आजही होत नाही.

तिकडेही हा वाद आहेच, लपवण्यात अर्थ नाही. कॅनबेराच्या म्हणजे कॅपिटल टेरिटरीच्या हद्दीत रोडिओलाच बंदी आहे. पळत्या वासराच्या गळ्यात दोरीचा फास टाकून त्याला पाडायचा जो प्रकार आहे तो व्हिक्टोरिया राज्यात चालत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की तो कुठेच चालू नये, वासरू ते वासरू, ते काही खेळात उतरायला आलेलं नसतं. बैलाच्या कमरेला जो पट्टा बांधतात त्याबद्दलही मी खोदून विचारलं. तो मांडीच्या पुढे, पोटाच्या मागच्या भागाला असतो, लोकांना वाटतं तशा नाजूक जागी नाही, आणि खेळ संपला की पहिल्यांदा तो सोडतात. माझं पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही. पण त्या माणसांनी माझा प्रश्न झटकला नाही, उभं राहून उत्तर दिलं, आणि नंतर मला मागे नेऊन गुरांचे कप्पे दाखवले.

तिथे रात्री अकरा वाजता, सगळे लोक गाण्यांकडे गेलेले असताना, मघाशी आकाशाला भिडणारा तोच करडा बैल शांतपणे गवत खात होता. बाजूला पाण्याचा हौद. बैल आणणारा माणूस एकेकाच्या पायांवरून टॉर्च फिरवत होता, कुणाला खरचटलंय का, सूज आहे का. मी त्याचा व्हिडिओ काढत राहिले, हे म्हणाले अगं फोन भरेल, म्हटलं भरू दे.

दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या रेस. महालक्ष्मी रेसकोर्स मी बाहेरून हजारदा पाहिलाय पण रेस आयुष्यात पहिल्यांदा बघितली ती इथे, हिरवळ वगैरे काही नाही, मातीचा ट्रॅक, घोडे वळणावर आले की आधी धूळ दिसते मग आवाज येतो आणि मग घोडे. जॉकींमध्ये मुली बऱ्याच होत्या, मला फार बरं वाटलं. बायका नटून, डोक्यावर फुलांच्या टोप्या घालून, धुळीत उंच टाचांचे बूट. मी खणाची साडी नेसले होते, तीन जणींनी हात लावून कापड बघितलं आणि एकीने काठ कसा विणतात ते विचारलं, जमेल तसं सांगितलं. बुकी फळ्याजवळ उभे, भाव बदलत होते, नातवाने निवडलेल्या घोड्यावर आम्ही पाच डॉलर लावले, तो चौथा आला.

जेवणाच्या स्टॉलवर शाळेतल्या मुलांचे आईवडील कांदा आणि सॉसेज भाजत होते, पैसे शाळेला. गेटवर गावातले, पार्किंगला गावातले, रात्री कचरा उचलायलाही तेच. पाचशे माणसांचं गाव आणि पाहुणे त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे जत्रेत देवस्थानच्या कमिटीतली पोरं तीन दिवस झोपत नाहीत, तेच डोळे, तोच घसा बसलेला.

त्याच दुपारी शेजारच्या आजोबांनी २०१९ ची गोष्ट सांगितली. ह्या भागात आधी कित्येक वर्षं दुष्काळ होता, लोकांनी कर्ज काढून चारा आणून गुरं जगवली होती. जानेवारी संपता संपता पाऊस सुरू झाला, लोक नाचले. पण तो थांबेचना, वर गार वारा, आणि ती काळी माती चिखल झाली, अशक्त झालेली गुरं त्यात रुतून, गारठून उभ्या उभ्या मेली. अंदाजे पाच लाख जनावरं. हेलिकॉप्टरने चारा टाकायचा प्रयत्न केला पण कित्येक ठिकाणी उशीर झाला होता. आजोबांच्या भावाचे दोनशे एकराचे नाही, हजारो एकरांचे माळ होते, पाणी ओसरल्यावर तो आठ दिवस कुणाशी बोलला नाही म्हणाले. मला २६ जुलै २००५ नंतर कल्याणजवळच्या तबेल्यांत पाहिलेल्या म्हशी आठवल्या. आम्ही दोघंही गप्प बसलो. मग समोर लाउडस्पीकरवर पुढच्या रेसची घोषणा झाली आणि आजोबा टोपी घालून उठले, म्हणाले चला, ही चुकवायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाक्या रिकाम्या करून, पाणी भरून आम्ही परत निघालो. गवताची एक काडी माझ्या पर्समध्ये अजून आहे.

परवा मामाला मुरबाडला हे सगळं दाखवलं. नव्वदीला टेकलाय, डोळ्याला कमी दिसतं, फोन नाकाशी धरून बघतो. पोरं उडताना, पडताना, लोक ओरडताना सगळं बघितलं, काही बोलला नाही. आठ सेकंदांचे सहा-सात व्हिडिओ झाल्यावर म्हणाला,

"ते ठीक हाय. पन ह्यांना पानी कवा दावतात?"

मी फोन घेतला, खाली शोधत गेले आणि रात्री अकराचा तो हौदावरचा व्हिडिओ लावून दिला. मामाने तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा बघताना अंगठ्याने स्क्रीनवर त्या बैलाचं वशिंड चाचपत होता, व्हिडिओ थांबायचा, मग मी परत चालू करायची.